अँटिबॉडी उतरल्या म्हणजे इम्युनिटी गेली का? २०२० मध्ये नेमकं काय मोजलं जात होतं

तुम्ही विचारलंय की २०२० मध्ये आधी बातमी आली अँटिबॉडी दोन-तीन महिन्यांत गायब होतात, मग आलं की बरे झालेले लोक परत पॉझिटिव्ह येतायत, मग कुणी म्हटलं निम्म्या लोकांमध्ये आधीपासूनच इम्युनिटी आहे, आणि हा सगळा गोंधळ चालू असताना वर्ष संपायच्या आत लस तयार, ती पण ९५ टक्के, आणि पुढच्या वर्षी लस घेतलेल्यांनाही कोविड, तर मग शास्त्रज्ञांना तेव्हा खरंच काही कळत होतं की सगळा अंदाजपंचे कारभार होता.

अंदाजपंचे नव्हता. पण प्रत्येक जण वेगळीच गोष्ट मोजत होता आणि बातमीत मात्र सगळ्याला एकच शब्द, इम्युनिटी. घोळ तिथे झालाय. मी ती दोन वर्षं लॅबमध्ये न्यूट्रलायझेशन टेस्ट करण्यात काढलीत, म्हणजे माणसाच्या सिरममधल्या (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्यासारख्या भागातल्या) अँटिबॉडी व्हायरसला खरोखर अडवतात का ते बघायचं काम, त्यामुळे त्या बाजूने सांगते. लांबण लागेल थोडी.

आधी ही टेस्ट कशी असते ते सांगते कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सिरम घ्यायचं, ५६ डिग्रीला अर्धा तास तापवायचं म्हणजे त्यातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं निकामी होतात, नाहीतर ती मध्ये लुडबुड करतात. मग ते पातळ करत जायचं, दहापट, वीसपट, चाळीसपट, असं दुप्पट दुप्पट करत हजाराच्या पुढे. प्रत्येक डायल्यूशनमध्ये ठरलेला तेवढाच व्हायरस घालायचा, तासभर ३७ डिग्रीला ठेवायचं आणि ते मिश्रण व्हेरो पेशींवर घालायचं, ह्या आफ्रिकन माकडाच्या किडनीपासून आलेल्या पेशी, प्लेटमधल्या प्रत्येक छोट्या खळग्याच्या, म्हणजे वेलच्या तळाला सतरंजीसारख्या पसरलेल्या असतात. वरून मिथाइल सेल्युलोजचा दाट थर द्यायचा म्हणजे व्हायरस लांब पळत नाही, शेजारच्याच पेशीत शिरतो. तीनेक दिवसांनी फॉर्मलिन, मग क्रिस्टल व्हायोलेट. शाबूत पेशी जांभळ्या होतात आणि जिथे व्हायरसने पेशी मारल्यात तिथे गोल स्वच्छ भोक दिसतं, त्याला प्लाक म्हणायचं. लाइट बॉक्सवर प्लेट ठेवून ती भोकं मोजायची. सिरम न घातलेल्या वेलमध्ये साठ भोकं असतील तर ज्या डायल्यूशनला ती तीस झाली तो त्या माणसाचा टायटर. एवढंच. पेपरमध्ये जो रुबाबदार ग्राफ दिसतो ना, त्यातला एकेक ठिपका म्हणजे कुणीतरी मान मोडून मोजलेली भोकं आहेत, आणि दोन भोकं एकमेकांना चिकटलेली असली की ती एक धरायची की दोन यावर दोन माणसांचं एकमत होत नाही.

जिवंत व्हायरस असल्यामुळे हे सगळं बीएसएल-३ मध्ये, म्हणजे कडक सुरक्षेच्या लॅबमध्ये, हवेचा दाब आतल्या बाजूला कमी ठेवलेला, तोंडावर रेस्पिरेटर, हातात दोन-दोन ग्लव्ह्ज, आत गेलं की नाक खाजलं तरी खाजवायची सोय नाही. अशा लॅब सगळ्यांकडे नसतात. म्हणून बऱ्याच जणांनी स्यूडोव्हायरसचा रस्ता धरला, म्हणजे दुसऱ्याच एका निरुपद्रवी केलेल्या व्हायरसच्या सांगाड्यावर कोरोनाचा स्पाइक, म्हणजे पेशीत शिरायला वापरतो ते त्याच्या अंगावरचं काट्यासारखं प्रथिन, बसवायचा आणि आत लुसिफरेज नावाच्या चमकणाऱ्या एन्झाइमचा जीन, पेशीत शिरला की प्रकाश पडतो, मशीन मोजतं. सोपं, पटकन होतं, साध्या लॅबमध्ये होतं. फक्त त्याचे आकडे आणि आमच्या भोकांचे आकडे जुळतीलच असं नाही. एकाच सिरमला एका लॅबमध्ये ८० यायचे आणि दुसरीकडे ३२०, दोघंही प्रामाणिक. किलो आणि पाउंड असा फरक असता तरी चाललं असतं, हिशोब करून बदलता आला असता, इथे प्रत्येकाचा तराजूच वेगळा होता. सगळ्यांनी एकाच मापाने मोजावं म्हणून बरे झालेल्या लोकांच्या प्लाझ्मापासून बनवलेलं पहिलं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड डब्ल्यूएचओने मान्य केलं ते डिसेंबर २०२० मध्ये. म्हणजे ज्या वर्षाबद्दल तुम्ही विचारताय ते जवळजवळ अख्खं वर्ष सामाईक मापाशिवाय गेलं.

त्यात कंपन्यांची एक सवय होती जिचा मला तेव्हा फार राग यायचा. लसीच्या पहिल्या टप्प्याचा रिझल्ट दाखवताना शेजारी एक खांब असायचा, आजारातून बरे झालेल्यांच्या अँटिबॉडी, आणि मग वाक्य यायचं की आमच्या लसीने त्याच्या तिप्पट-चौपट अँटिबॉडी तयार केल्या. अरे पण बरे झालेले कोण? हॉस्पिटलात ऑक्सिजनवर असलेल्यांच्या अँटिबॉडी भरपूर असतात आणि दोन दिवस घसा दुखून बरे झालेल्यांच्या बेताच्याच. तुमच्या पॅनलमध्ये, म्हणजे तुलनेला घेतलेल्या बरे झालेल्यांच्या गटात, सौम्य आजाराची माणसं जास्त घेतलीत तर तुमची लस आपोआप भारी दिसणार. प्रत्येकाचं पॅनल आपलं आपलं. ही तक्रार लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

आणि फसायच्या जागा तर विचारू नका. एकदा आमच्या प्लेटवर प्लाक वेगळेच दिसायला लागले, आधी वाटलं पेशी जुन्या झाल्या, मग मिथाइल सेल्युलोजवर संशय, दोन आठवडे त्यात गेले. शेवटी व्हायरसचं सिक्वेन्सिंग केलं तर स्पाइकमध्ये आपल्या पेशींमधलं फ्युरिन नावाचं एन्झाइम जिथे कापतं त्या जागेचा तुकडाच गळलेला. व्हेरो पेशींमध्ये त्या तुकड्याची व्हायरसला गरज पडत नाही, म्हणून त्याच पेशींवर पिढ्यामागून पिढ्या वाढवला की तो टाकून दिलेले व्हायरस पुढे निघून जातात. आम्ही ज्याला कोरोना समजून मोजत होतो तो माणसाला होणारा कोरोना राहिलाच नव्हता पूर्णपणे. न्यूट्रलायझेशनचे आकडे त्याने हलू शकतात, त्यामुळे त्या महिन्याच्या प्लेटा सगळ्या परत केल्या. असं इतरही लॅबमध्ये झालंय आणि त्यावर पेपरही आहेत.

आता तुमची पहिली बातमी, अँटिबॉडी दोन-तीन महिन्यांत गायब. ही जून २०२० ची, चीनमधल्या चोंगचिंगच्या अभ्यासावरून आलेली. ३७ जण लक्षणं नसलेले आणि ३७ लक्षणं असलेले, डिस्चार्जनंतर आठ आठवड्यांनी परत रक्त तपासलं तर दोन्ही गटांत ९० टक्क्यांहून जास्त लोकांची आयजीजी (रक्तात सगळ्यात जास्त असणारा अँटिबॉडीचा प्रकार) खाली आलेली आणि लक्षणं नसलेल्यांपैकी ४० टक्के तर टेस्टमध्ये निगेटिव्ह. मोजमाप बरोबरच होतं. अर्थ काढताना मात्र घाई झाली.

इन्फेक्शन झालं की शरीर घाईघाईने अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार करतं, प्लाझ्माब्लास्ट म्हणतात त्यांना, त्या हंगामी कामगारांसारख्या असतात, काही दिवस मरमर राबतात आणि मरून जातात. त्यांनी बनवलेली आयजीजी रक्तात फिरत राहते आणि साधारण तीन आठवड्यांत निम्मी होते. म्हणजे कामगार गेले, गोदामातला माल संपत चाललाय, तर पहिले दोन-तीन महिने आकडा पडणारच, गोवरात पडतो, लसीनंतर पडतो, सगळीकडे पडतो. त्याच वेळी थोड्या पेशी बोन मॅरोमध्ये जाऊन कायमच्या वस्तीला राहतात आणि तिथून थोडं थोडं उत्पादन चालू ठेवतात, त्यामुळे उतार पुढे जाऊन सपाट होतो. आता कुणी पहिल्या महिन्याचा एक ठिपका आणि तिसऱ्या महिन्याचा एक ठिपका घेतला आणि पट्टी लावून रेघ ओढली तर ती शून्यालाच जाऊन टेकणार. सहाव्या-आठव्या महिन्याचा ठिपका जून २०२० मध्ये कुठून आणायचा, तो महिना उजाडलाच नव्हता ना.

तो ठिपका आला जानेवारी २०२१ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या ला होया इन्स्टिट्यूटच्या लोकांनी १८८ जणांचं रक्त आठ महिन्यांपर्यंत बघितलं, स्पाइकविरुद्धची आयजीजी बऱ्यापैकी टिकून होती आणि मेमरी बी-पेशी, म्हणजे व्हायरस लक्षात ठेवून परत आला की नव्याने अँटिबॉडी बनवायला लागणाऱ्या पेशी, तर पहिल्या महिन्यापेक्षा सहाव्या महिन्यात जास्त सापडल्या. जास्त, कमी नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या गटाने सौम्य आजार झालेल्या लोकांच्या बोन मॅरोमध्ये त्या वस्तीला गेलेल्या पेशी प्रत्यक्ष दाखवल्या. बोन मॅरो काढायला कमरेच्या हाडात सुई घालावी लागते, सौम्य आजारातून उठलेल्या माणसाने संशोधनासाठी ते करू दिलं याचं मला अजून कौतुक वाटतं.

पण मग परत इन्फेक्शन का होतं? इथे एक साधा हिशोब आहे वेळेचा, आणि मला विचाराल तर त्या वर्षाचं सगळ्यात महत्त्वाचं हेच होतं. व्हायरस नाकात शिरल्यापासून लक्षणं यायला सरासरी पाचेक दिवस. फुफ्फुसं खराब होऊन माणूस ऑक्सिजनवर जायला साधारण दीड-दोन आठवडे. मेमरी पेशींना व्हायरस दिसल्यापासून जोरात कामाला लागायला काही दिवस जातात. म्हणजे नाकातलं इन्फेक्शन थांबवायचं तर अँटिबॉडी आधीपासून तिथे हजर पाहिजेत, भरपूर पाहिजेत, मेमरी तिथवर वेळेत पोचत नाही. फुफ्फुसं वाचवायला मात्र ती आरामात पोचते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, इन्फेक्शन होईल का आणि माणूस गंभीर होईल का, आणि २०२० मधले निम्मे वाद ह्या दोघांची सरमिसळ केल्यामुळे होते.

जुन्या कोरोनाव्हायरसवर काम केलेल्या लोकांना हे नवीन नव्हतं. इंग्लंडमध्ये सॅलिसबरीला सर्दीवर संशोधन करणारं कॉमन कोल्ड युनिट होतं, तिथे स्वयंसेवकांच्या नाकात २२९ई ह्या सर्दीच्या कोरोनाव्हायरसचे थेंब घातले होते, वर्षभराने त्याच लोकांना परत तोच व्हायरस दिला. अँटिबॉडी बऱ्याच उतरलेल्या होत्या, काहींना परत इन्फेक्शन झालंही, पण व्हायरस कमी दिवस सापडला आणि सर्दी एकालाही झाली नाही. हा पेपर १९९० चा आहे. तीस वर्षं तो कुणी फारसा वाचत नव्हतं आणि मार्च २०२० मध्ये अचानक सगळ्यांच्या तोंडी.

त्यामुळे २४ ऑगस्ट २०२० ला हाँगकाँगहून पहिली पक्की रीइन्फेक्शनची केस आली तेव्हा बातम्यांमध्ये इम्युनिटी टिकत नाही म्हणून बोंब झाली आणि आमच्याकडे मात्र हायसं वाटलं. ३३ वर्षांचा माणूस, पहिल्या वेळी लक्षणं होती, १४२ दिवसांनी परदेशातून परत येताना एअरपोर्टवरच्या तपासणीत परत पॉझिटिव्ह, दोन्ही वेळच्या व्हायरसचं सिक्वेन्स वेगळं म्हणजे खरंच नवं इन्फेक्शन, आणि दुसऱ्या वेळी त्याला काहीही झालं नाही, तपासलं नसतं तर कळलंही नसतं. अर्थात नेवाडातला २५ वर्षांचा एक जण दुसऱ्या वेळी जास्त आजारी पडून ऑक्सिजनवर गेला, ती केसही त्याच वर्षीची. एकेका माणसावरून प्रमाण ठरत नाही, ना ह्या बाजूला ना त्या.

दक्षिण कोरियाच्या केसेस वेगळ्या. एप्रिलमध्ये तिथे बरे झालेले लोक परत पॉझिटिव्ह यायला लागले तेव्हा घबराट झाली होती, मग त्यांनी अशा २८५ जणांचा आणि त्यांच्या ७९० कॉन्टॅक्ट्सचा माग काढला, त्यांच्यामुळे कुणालाही लागण झाल्याचं दिसलं नाही आणि लॅबमध्ये पेशींवर वाढवायला गेलं तर व्हायरस वाढेना. पीसीआरला व्हायरसच्या आरएनएचा तुकडा सापडला की बास, तो व्हायरस जिवंत आहे की आठवड्यापूर्वी मेलाय ते तिला कळत नाही. नाकाघशातल्या मेलेल्या पेशी गळत राहतात, त्यात तुकडे असतात. संपला विषय.

अँटिबॉडी किटवरून इम्युनिटीचं सर्टिफिकेट द्यायची टूम पण निघाली होती, तिचं एकच गणित सांगते. हजार माणसं, त्यातल्या एकाच टक्क्याला खरंच होऊन गेलाय म्हणजे दहा. किट ९५ टक्के वेळा निगेटिव्हला निगेटिव्ह म्हणतं, ऐकायला छान. पण उरलेल्या ९९० मधले पाच टक्के म्हणजे सुमारे ५० जण खोटेच पॉझिटिव्ह. हातात साठ पॉझिटिव्ह माणसं आणि त्यातली खरी दहा. ह्या साठ जणांना बिनधास्त फिरा म्हणून कागद द्यायचा?

मग आली टी-पेशींची बातमी. हा माझा प्रांत नाही, मी सिरमवाली, पण जेवढं शेजारच्या टेबलवरून दिसलं तेवढं सांगते. ला होयाच्याच लोकांनी मे २०२० मध्ये २०१५ ते २०१८ ह्या काळात साठवलेलं रक्त बाहेर काढलं, म्हणजे कोविड जगात नव्हताच तेव्हाचं, आणि ४० ते ६० टक्के लोकांच्या सीडी४ टी-पेशी (इम्यून प्रतिसादाला मदत करणाऱ्या पांढऱ्या पेशी) नव्या व्हायरसच्या तुकड्यांना प्रतिसाद देताना दिसल्या. सर्दीच्या जुन्या कोरोनाव्हायरसमुळे असणार हा अंदाज. सिंगापूरमध्ये २००३ च्या सार्समधून वाचलेल्या लोकांमध्ये १७ वर्षांनीही टी-पेशी सापडल्या. दोन्ही अभ्यास उत्तमच. पण त्यावरून लोकांनी उडी मारली ती थेट निम्मी जनता इम्यून आहे आणि हर्ड इम्युनिटी जवळ आली इथवर. अहो, टी-पेशी व्हायरसला दारात अडवतच नाहीत, घुसलेल्या पेशी शोधून मारतात आणि बाकीच्यांना कामाला लावतात. आणि डिशमध्ये व्हायरसच्या प्रथिनाचे तुकडे घालून पेशीवर जागी झाल्याच्या दोन खुणा उमटल्या याचा अर्थ त्या माणसाला आजार होणार नाही असा होत नाही. ब्राझीलमधल्या मनौसचं उदाहरण घ्या, रक्तदात्यांच्या अँटिबॉडीवरून ऑक्टोबर २०२० पर्यंत ७६ टक्के लोकांना होऊन गेला असा अंदाज आला होता, तो अंदाज थोडा फुगलेला असेलही, पण जानेवारी २०२१ मध्ये तिथे जी दुसरी लाट आली ती भयानक होती, नवा व्हेरियंट घेऊन.

आता लस. दहा महिन्यांत कशी झाली हे विचारताना लोक घड्याळ जानेवारी २०२० ला चालू करतात, ते मला पटत नाही. मी १९६६ पासून करेन. तेव्हा लहान मुलांच्या आरएसव्ही नावाच्या श्वसनाच्या व्हायरसवर फॉर्मलिनने मारलेली लस करून बघितली होती, मुलांमध्ये अँटिबॉडी तयार झाल्या, सगळं ठीक दिसलं, आणि पुढे आरएसव्हीची साथ आली तेव्हा लस घेतलेल्या आणि लागण झालेल्या मुलांपैकी ८० टक्के हॉस्पिटलात गेली, न घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ५ टक्के होतं. दोन बाळं दगावली. अँटिबॉडी होत्या, पण व्हायरसला चिकटायच्या आणि अडवायच्या नाहीत, वर इम्यून प्रतिसादही भलत्याच दिशेला गेला. कोविडच्या लसीच्या वेळी सगळे जुनेजाणते ज्याला घाबरत होते ते हेच, म्हणूनच प्राण्यांमध्ये नुसत्या अँटिबॉडी बघून भागलं नाही, माकडांना लस देऊन मग मुद्दाम व्हायरस देऊन फुफ्फुसं तपासली गेली. साध्या उंदरांना मूळ व्हायरस लागतच नव्हता, माणसाचा एसीई-२ रिसेप्टर, म्हणजे व्हायरस पेशीला जिथे धरतो ते प्रथिन, घातलेले उंदीर २००७ मध्ये सार्ससाठी बनवले होते पण सार्स संपला म्हणून फारसे कुणी पाळलेच नव्हते, गोठवलेल्या शुक्राणूंपासून परत वंश वाढवावा लागला. तोपर्यंत हॅमस्टर कामी आले.

आरएसव्हीचं कोडं सुटलं २०१३ मध्ये. व्हायरसचं प्रथिन पेशीत शिरण्याआधी एका आकारात असतं आणि शिरल्यावर उलगडून दुसऱ्याच आकारात जातं, छत्री उलटी व्हावी तसं. अडवणाऱ्या चांगल्या अँटिबॉडी पहिल्या आकाराच्या विरुद्ध असतात आणि जुन्या लसीत तो आकारच मोडलेला होता. अमेरिकेतल्या बार्नी ग्रॅहम, जेसन मॅक्लेलन वगैरे संशोधक मंडळींनी तो आकार जखडून ठेवायची युक्ती काढली, मग तीच युक्ती मर्स ह्या दुसऱ्या कोरोनाव्हायरसच्या स्पाइकवर, ठराविक जागी दोन प्रोलिन (प्रथिनाच्या साखळीतला एक अमिनो आम्लाचा मणी) बसवायची, प्रोलिन ताठ असतं, वाकत नाही, प्रथिन उलगडत नाही. जानेवारी २०२० च्या १०-११ तारखेला नव्या व्हायरसचा जिनोम जाहीर झाला तेव्हा ह्या लोकांना फक्त ९८६ आणि ९८७ नंबरच्या जागी प्रोलिन टाकायची होती. ह्या लसींमधला एमआरएनए, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं ते पेशीला सांगणारा निरोप, शरीराला चालेल असा कसा बदलायचा हे कारिको आणि वाइसमन यांनी २००५ मध्येच दाखवलं होतं. १६ मार्चला सिएटलमध्ये मॉडर्नाचा पहिला डोस टोचला गेला. दोन महिन्यांत लस नाही बनली, दोन महिन्यांत पत्त्यावरचं नाव बदललं, पाकीट आधीच तयार होतं.

आकार जखडायचा दुसराही प्रयत्न झाला आणि तो फसला तो किस्सा मला फार आवडतो, म्हणजे वाईट वाटतं पण आवडतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीने प्रोलिनऐवजी प्रथिनाला खालून क्लॅम्प लावला, आणि तो क्लॅम्प बनवला होता एचआयव्हीच्या एका प्रथिनाच्या छोट्या तुकड्यापासून. त्यापासून एचआयव्ही होणं शक्यच नव्हतं. लस पहिल्या टप्प्यात २१६ जणांना दिली, अँटिबॉडी चांगल्या आल्या, फक्त काही त्या क्लॅम्पच्या विरुद्धही आल्या आणि लोकांच्या एचआयव्हीच्या टेस्ट खोट्या पॉझिटिव्ह यायला लागल्या. डिसेंबर २०२० मध्ये लस गुंडाळली. विज्ञान बरोबर, लस सुरक्षित, आणि तरीही देशभर देता येणार नाही कारण मग उद्या ब्लड बँकेने एचआयव्ही तपासायचा कसा.

ऑक्सफर्डच्या लसीच्या ट्रायलमध्येही मापाचाच घोळ होता बघा. ह्या लसीत निरुपद्रवी केलेला एक व्हायरस वाहक म्हणून असतो. एका बॅचमध्ये व्हायरस किती आहे हे दोन पद्धतींनी मोजलं, आकडे जुळेनात, प्रकाश शोषण्यावरून मोजणाऱ्या पद्धतीला पॉलिसॉर्बेट-८० नावाचा घटक फसवत होता आणि आकडा फुगवत होता. परिणाम असा की काही लोकांना पहिला डोस अर्धाच गेला. मग रिझल्ट आले तर पूर्ण डोसवाल्यांमध्ये ६२ टक्के आणि अर्ध्यावाल्यांमध्ये ९०! अर्धा डोस जास्त चांगला ह्याच्यावर तेव्हा काय काय थिअऱ्या निघाल्या. पण अर्ध्या डोसच्या गटात ५५ च्या वरचं कुणी नव्हतंच, आणि त्यांच्या दोन डोसांमधलं अंतरही जास्त होतं. पुढे अंतराचंच स्पष्टीकरण जास्त टिकलं.

९५ टक्क्यांचं काय ते सांगून टाकते, कारण राग तिथेच आहे लोकांचा. फायझरच्या ट्रायलमध्ये सुमारे ४३ हजार लोक, निम्म्यांना लस, निम्म्यांना मिठाचं पाणी म्हणजे प्लासिबो, कुणाला काय मिळालं ते ना घेणाऱ्याला माहीत ना तपासणाऱ्याला. मग वाट बघायची. दुसऱ्या डोसनंतर सात दिवसांपासून पुढे कोविड झालेले १७० जण मोजले, त्यात प्लासिबोवाले १६२ आणि लसवाले ८. झाले ९५ टक्के. मॉडर्नाचं १८५ आणि ११, म्हणजे ९४.१. अमेरिकेच्या एफडीएने जूनमध्ये ५० टक्के पुरे म्हटलं होतं, त्यामुळे हा आकडा बघून आम्ही खुर्चीतून उठलो होतो. पण मोजलं काय? लक्षणं आली आणि मग पीसीआर पॉझिटिव्ह, त्याला केस म्हटलं. लक्षणं नसलेलं इन्फेक्शन नाही, दुसऱ्याला देणं नाही. आणि कधी मोजलं? दुसऱ्या डोसनंतर सरासरी दोनेक महिने. वर सांगितलेला तो अँटिबॉडीचा डोंगर आठवा, हे सगळं मोजमाप बरोब्बर त्याच्या माथ्यावर उभं राहून केलेलं. पुढे उतार लागणार हे भोकं मोजणाऱ्या कुणालाही दिसत होतं, आम्ही ते पुरेसं मोठ्याने बोललो नाही हा दोष आमचा.

तर मग किती अँटिबॉडी म्हणजे पुरे? ह्याचं पहिलं ढोबळ उत्तर मिळालं मे २०२१ मध्ये आणि ते बघून मला माझेच शब्द गिळावे लागले. ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने सात लसींचे आकडे एकत्र केले. प्रत्येक लॅबचा तराजू वेगळा, तुलना करायची कशी, तर त्यांनी प्रत्येक कंपनीचा आकडा त्याच कंपनीच्या, त्याच लॅबमध्ये मोजलेल्या बरे झालेल्यांच्या पॅनलने भागला. हेच ते पॅनल ज्याला मी वर नावं ठेवली. ओबडधोबड होतं, पण सगळ्यांकडे असलेली ती एकच गोष्ट होती. भागल्यावर सातही लसी आणि बरे झालेले लोक एका वळणदार रेघेवर जवळपास येऊन बसले, आणि रेघ सांगत होती की लक्षणं असलेल्या आजारापासून निम्मं संरक्षण मिळायला बरे झालेल्यांच्या सरासरीच्या सुमारे २० टक्के अँटिबॉडी लागतात, आणि गंभीर आजारापासून तेवढंच संरक्षण मिळायला फक्त ३ टक्क्यांच्या आसपास.

आमच्या प्लेटवर ३ टक्के म्हणजे काय माहितीये? सरासरी ३२० धरली तर साधारण १०, पहिल्याच वेलमध्ये जेमतेम निम्मी भोकं कमी झालेली. अशा प्लेटांवर मी वर्षभर वहीत निगेटिव्हच्या बरोबरीने बारीकसं प्रश्नचिन्ह काढून पुढे गेलेय.